कलमी आंबा ताडमाड वाढतो, पण फळत नाही : दोष शोधण्याचा क्रम

ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या आवारात, जुन्या बंगल्यांच्या परसात आणि सिडकोच्या रो-हाउसच्या मागच्या अरुंद पट्ट्यात मी बरीच वर्षे आंब्याची कलमे लावत, छाटत आणि बिघडलेली दुरुस्त करत आलो आहे. ज्या एका तक्रारीसाठी मला पुन्हा पुन्हा बोलावले जाते ती जवळजवळ शब्दशः सारखीच असते : कलम म्हणून विकत आणले, ठेंगणे राहील आणि चार-पाच वर्षांत फळेल असे ऐकले होते, आता ते दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी पोहोचले आहे आणि आजवर एकही आंबा धरलेला नाही. या तक्रारीमागे बहुतेक वेळा पाच-सहा कारणांपैकीच एखादे असते, आणि ते शोधण्याचा क्रम नीट पाळला तर निम्म्याहून अधिक वेळा एक पैसाही खर्च होत नाही.

लक्षणे

मुख्य लक्षण म्हणजे लागवडीला सहा वर्षे होऊनही मोहोर न येणे आणि दरवर्षी पालवीवर पालवी फुटून झाड सरळ वर धावणे. दुसरे लक्षण अधिक बोलके आहे, पण ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : एकाच झाडावर दोन प्रकारची पाने दिसतात, एका फांदीची रुंद आणि दुसऱ्या फांदीची अरुंद, किंवा नव्या पालवीचा रंग दोन बाजूंना वेगळा असतो. काही झाडांवर एखाद्याच बारीक, खालच्या फांदीला मोहोर येतो आणि बाकीचा मोठा डोलारा कोरडा राहतो. काही झाडे केवळ मोकळ्या आकाशाच्या बाजूला मोहरतात. काहींच्या बुंध्यावर जोडापाशी, म्हणजे जिथे कलम बांधलेले असते तिथे, दोरी आवळल्यासारखी खाच आणि तिच्या वर फुगवटा दिसतो.

याच्या उलट एक लक्षण आहे, ज्याला लोक गुण समजतात. झाड आठ वर्षांत जेमतेम कमरेएवढे झालेले असते, पानांची टोके आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी असतात आणि घरचे लोक कलम चांगले ठेंगणे राहिले म्हणून समाधानी असतात. ते झाड ठेंगणे नसते, खुरटलेले असते. ठेंगणे झाड लहान असूनही दाट, गर्द आणि फळणारे असते, तर खुरटलेले झाड केवळ तग धरून असते.

मोहोर भरभरून येतो पण गळून जातो, ही तक्रार मात्र वेगळ्या दोषाची आहे. तिथे तुडतुडे, भुरी, करपा, अवकाळी पाऊस आणि हापूसच्या बाबतीत परपरागाचा, म्हणजे दुसऱ्या जातीच्या परागकणांचा, अभाव अशी कारणे पाहावी लागतात. पुढील तपासण्या त्या तक्रारीसाठी नाहीत.

कलम लहान का राहावे, हे आधी समजून घ्यावे

कलमात दोन झाडे असतात. खाली रायवळ आंब्याच्या कोयीपासून वाढवलेला खुंट असतो आणि त्यावर हापूस, केशर किंवा रत्ना अशा जातीच्या फळत्या झाडाची काडी जोडलेली असते. ही काडी वयात आलेल्या झाडाची असल्यामुळे नव्या खुंटावर बसूनही ती वयात आलेलीच राहते. रायवळ रोपाला पहिल्या मोहोरासाठी सात ते दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात, तर कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मोहोर येऊ शकतो. लवकर फळू लागलेल्या झाडाची बरीच शक्ती फळांत खर्ची पडते आणि त्यामुळे त्याचा विस्तार काहीसा मर्यादित राहतो.

‘काहीसा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. मोकळ्या रानात वाढू दिलेले हापूसचे कलमही प्रचंड होते, आणि म्हणूनच कोकणात त्याची पारंपरिक लागवड १० × १० मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०० झाडे अशी होत आली. आज घन लागवडीत ५ × ५ मीटरवर हेक्टरी ४०० झाडे लावतात, ती लहान राहतात यामागे जातीची निवड, खुंट आणि दरवर्षीची वेळेवर केलेली छाटणी असते. केवळ जोड बांधल्याने झाड बुटके होत नाही. रोपवाटिकेत ही गोष्ट सांगितली जात नाही, आणि पुढचे पुष्कळसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

पहिली तपासणी : झाडाचे वय आणि त्याची वर्षे

लागवडीची तारीख आठवावी. सोसायटीच्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाचे जुने छायाचित्र असेल तर तेही पुरते. पहिली तीन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकायचा असतो, कारण त्या वयात फळे धरू दिली तर फांद्यांचा सांगाडाच तयार होत नाही. जमिनीतल्या कलमाकडून पाचव्या वर्षापासून थोड्या फळांची अपेक्षा ठेवणे रास्त आहे. चौथ्या वर्षी ‘फळत नाही’ म्हणून झाडाला खतांचा मारा करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्या माऱ्यानेच पुढची तीन वर्षे वाया जातात.

जात हापूस असेल आणि झाड एका वर्षी लगडून दुसऱ्या वर्षी रिकामे राहत असेल, तर तो बिघाड नव्हे. वर्षाआड फळणे हा हापूसचा स्वभावच आहे.

दुसरी तपासणी : खाली बसून जोड पाहणे

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वाधिक तक्रारींचे उत्तर इथे मिळते, म्हणून या तपासणीवर मी सर्वांत अधिक वेळ घालवतो. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा आणि माती हाताने बाजूला करून जोड शोधावा. कोय कलमात, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेल्या कलमात, तो जमिनीपासून वीतभर किंवा त्याहूनही खाली असतो, आणि तिथे सालीचा पोत बदललेला किंवा बुंध्याला किंचित बाक आलेला दिसतो. आता पाहायचे ते एकच : आज जे झाड म्हणून उभे आहे, ते जोडाच्या वरून निघाले आहे की खालून?

नेरूळमधील एका रो-हाउसच्या परसात नऊ वर्षे वाढवलेला ‘हापूस’ पाहायला मी गेलो होतो. घरातील आजी रोज सकाळी त्याला पाणी घालत. माती बाजूला केल्यावर दिसले की जोडाच्या वरची मूळ काडी बोटाएवढी जाड, वाळून काळी पडलेली, एका कडेला तशीच उभी होती आणि तिच्या खालून निघालेला खुंटाचा फुटवा आता मांडीएवढा जाड बुंधा झाला होता. त्या कुटुंबाने नऊ वर्षे मनापासून एक रायवळ आंबा जोपासला होता. आजींना हे सांगताना मला फार वाईट वाटले, कारण पहिल्या पावसाळ्यात दोन बोटांनी खुडता आला असता असा तो कोंब होता.

असे होते याचे कारण खुंटाच्या स्वभावात आहे. मुळांपासून वर चढणारा रस आधी खुंटाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो, खुंटाचे कोंब तरुण आणि जोमदार असतात, आणि वरच्या काडीला जरा जरी इजा झाली, म्हणजे वाहतुकीत जोड हलला, उन्हाने शेंडा करपला किंवा शेळीने पाने खाल्ली, तरी खालचे डोळे लगेच जागे होतात. हा फुटवा बाल्यावस्थेतला असल्यामुळे त्याला मोहोराची घाई नसते. तो सरळ वर जातो आणि कलमाच्या काडीची उपासमार करतो. एकाच झाडावर दोन प्रकारची पाने दिसतात ती यामुळेच. शंका असल्यास दोन्ही बाजूंचे एकेक पान चुरगाळून वास घ्यावा, कारण दोन जातींच्या पानांचा वास सहसा वेगळा येतो.

फुटवा कोवळा असेल तर तो कात्रीने न कापता तळापासून हाताने ओढून काढावा, म्हणजे त्याच्या बुडाचा डोळाही निघून येतो. कापलेला फुटवा त्याच जागी पुन्हा दोन-तीन कोंब देतो. पेन्सिलीपेक्षा जाड झालेला फुटवा मात्र धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) बुंध्याला घासून कापावा आणि जखमेवर बोर्डो मलम (कृती पुढे दिली आहे) लावावे. पहिली तीन वर्षे दर पंधरा दिवसांनी जोडाखाली नजर टाकण्याची सवय ठेवावी. मूळ काडीच मेलेली असेल तर पुढील सर्व तपासण्या सोडून थेट शेवटच्या उपायाकडे, म्हणजे नव्याने कलम बांधण्याकडे वळावे.

याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जोडाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी तशीच राहून गेली असेल तर बुंधा जाड होताना ती सालीत रुतते आणि रसाचा मार्ग आवळते. ब्लेडने उभी चीर देऊन ती सोडवावी. दुसरी गोष्ट, जोड मातीत गाडला गेला असेल तर तो उघडा करावा. सोसायट्यांमध्ये दरवर्षी आळ्यात लाल मातीचा नवा थर टाकतात, आणि लागवडीच्या वेळी वर असलेला जोड पाच वर्षांत मातीखाली जातो. दमट मातीत जोड कुजण्याचा धोका असतो, आणि खालचे फुटवेही नजरेआड वाढत राहतात.

तिसरी तपासणी : डिसेंबरातले ऊन

मे महिन्यात झाडावर भरपूर ऊन येते म्हणून जागा चांगली आहे असा निष्कर्ष काढू नये. आंब्याची फुलकळी तयार होण्याचा काळ साधारण नोव्हेंबर ते जानेवारी असतो, आणि त्या काळात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. ठाण्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे इमारतीची दुपारची सावलीही जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. घोडबंदर रस्त्यावरील वीस मजली इमारतीच्या उत्तरेला लावलेले कलम मे महिन्यात उन्हात न्हाऊन निघते आणि मोहोराच्या ऐन मोसमात दिवसभर सावलीत उभे असते. सावलीतले झाड प्रकाश शोधत उंच जाते, म्हणजे एकाच कारणातून दोन्ही तक्रारी निर्माण होतात.

म्हणून डिसेंबरातील एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता झाडावर थेट ऊन आहे का ते पाहून लिहून ठेवावे. रोज सहा तासांच्या आसपास थेट ऊन मिळत नसेल तर खते, फवारे आणि छाटणी यांपैकी कशानेही ती उणीव भरून निघत नाही. शेजारच्या गुलमोहराची किंवा रेन ट्रीची फांदी आड येत असेल तर परवानगी घेऊन ती विरळ करता येते. इमारतच आड येत असेल तर झाड सावलीचे झाड म्हणून स्वीकारावे आणि नवे कलम दुसऱ्या जागी लावावे.

चौथी तपासणी : पाणी आणि नत्र

आंब्याला पावसाळ्यानंतर विश्रांती लागते. जमीन सुकू लागली, रात्री गार झाल्या आणि पालवी जून झाली की शेंड्यातील डोळा पानांऐवजी मोहोराकडे वळतो. त्याच काळात मुबलक पाणी आणि नत्र मिळत राहिले तर झाड पुन्हा पालवी काढते, आणि कोवळ्या पालवीवर मोहोर येत नाही.

मोठ्या गृहसंकुलांत हा दोष हमखास आढळतो, कारण तिथे आंब्याची झाडे हिरवळीच्या मध्यभागी लावलेली असतात. हिरवळीला रोज तुषार सिंचन होते, तिला युरिया टाकला जातो, आणि अनेक ठिकाणी ते पाणी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून येते, ज्यात मुळातच नत्र असते. तिथली झाडे हिरवीगार, तजेलदार आणि निष्फळ असतात. माळीदादांचा यात दोष नसतो, त्यांना हिरवळ हिरवी ठेवण्याचे काम दिलेले असते. बुंध्यापासून फांद्यांच्या घेरापर्यंतची हिरवळ काढून टाकावी आणि त्या भागातील तुषार बंद करावेत.

जमिनीत लावलेल्या पाच वर्षांवरील झाडाचे पाणी पाऊस थांबताच तोडावे आणि फळे वाटाण्याएवढी झाल्यावरच पुन्हा सुरू करावे. पूर्ण वाढलेल्या झाडाला त्या वेळी पंधरा दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर पाणी तीन-चार वेळा दिले की पुरते. खते पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदाच द्यावीत. कोकणासाठी दहा वर्षांच्या झाडाला ५० किलो शेणखत, १.५ किलो नत्र, ५०० ग्रॅम स्फुरद आणि १ किलो पालाश अशी शिफारस आहे, आणि पहिल्या वर्षी याचा दहावा हिस्सा देऊन तो दरवर्षी वाढवत न्यायचा असतो. जे झाड आधीच माजले आहे त्याचे नत्र मी दोन वर्षे निम्म्यावर आणतो आणि पालाश तसेच ठेवतो. एवढ्या दुरुस्तीने पुढच्याच हंगामात मोहोर आलेली झाडे मी पाहिली आहेत.

पाचवी तपासणी : झाड कोणत्या महिन्यात कापले जाते

ही चूक सुरुवातीच्या काळात मी स्वतः केली आहे. दिवाळीआधी आवार स्वच्छ दिसावे म्हणून एका सोसायटीतील तीन कलमे मी ऑक्टोबरात चारही बाजूंनी नीटनेटकी कापली, आणि त्या वर्षी तिन्हींवर मोहोराचा एक तुरादेखील आला नाही. आंब्याचा मोहोर जून झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. ऑक्टोबरात शेंडे कापले की त्या हंगामाचा मोहोरच कापला जातो, आणि जखमेखालून फुटलेली पालवी जानेवारीपर्यंत जून होत नाही. पुढच्या वर्षी झाड वाढलेले दिसते म्हणून पुन्हा ऑक्टोबरात कापतात. असे चक्र दहा-दहा वर्षे चाललेले मी पाहिले आहे.

छाटणी फळे उतरवल्याबरोबर, मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा या काळात करावी, म्हणजे पावसाळ्यात फुटलेल्या काड्यांना जून होण्यास चार-पाच महिने मिळतात. फळ येतच नसेल तरीही महिना हाच धरावा. नव्या कलमाचा शेंडा जमिनीपासून ६० ते ७५ सेंटिमीटरवर खुडावा, तिथून फुटणाऱ्यांपैकी वेगवेगळ्या दिशांच्या तीन-चार फांद्या ठेवाव्यात, आणि त्या हातभर वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत. ठेंगणा, पसरट, हाताने आंबे काढता येतील असा घेर या खुडण्यांतूनच घडतो. कलमाने दिलेला लवकर फळण्याचा गुण आणि माणसाने दिलेला हा आकार एकत्र आले, तरच लहान आणि भरघोस झाड हाती येते.

आधीच उंच गेलेल्या झाडाचा मात्र सगळा शेंडा एकदम उडवू नये. मधली सरळ वर जाणारी एक जाड फांदी पहिल्या वर्षी तिच्या उगमापाशी काढावी, दुसरी पुढच्या वर्षी काढावी, आणि एका वर्षात घेराच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कधीही कापू नये. एकदम छाटलेले झाड घाबरल्यासारखे डझनावारी पाणकोंब, म्हणजे सरळ वर धावणारे निष्फळ कोंब, काढते आणि दोन वर्षांत पहिल्याहून उंच होते. सावलीची सवय झालेल्या फांद्यांची सालही उघड्या उन्हाने तडकते, म्हणून त्यांना चुन्याचा हात द्यावा.

जखमेसाठी बोर्डो मलम घरी करता येते. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून नंतर एकत्र ढवळावे. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवल्यावर तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून थोडी निवळी घालावी. आंब्याच्या चिकाने अनेकांच्या त्वचेवर फोड येतात, त्यामुळे हातमोजे घालूनच काम करावे.

इथे कायद्याची एक गोष्ट येते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ शहरी हद्दीतील झाडांना लागू आहे, मग झाड खाजगी आवारातले का असेना. शेंडे खुडणे वेगळे आणि करवतीने फांद्या काढणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करावा आणि लेखी परवानगी हाती आल्यावरच काम सुरू करावे.

सहावी तपासणी : जमीन

नवी मुंबईचे अनेक भाग खाडीलगतच्या खार जमिनीवर मुरूम आणि भराव टाकून वसले आहेत. वाशी, सानपाडा, घणसोली येथे खणताना पहिल्या दोन फुटांत चांगली माती आणि तिच्याखाली दगडगोटे, सिमेंटची ढेकळे किंवा काळा चिकट खारट गाळ अनेकदा लागतो. आंबा क्षार सहन करत नाही, आणि भाजलेल्या कडांची पाने हे त्याचे दृश्य चिन्ह आहे. पावसाळ्यात पाण्याने भिजून गेलेल्या दिवशी घेराच्या बाहेर ६० सेंटिमीटर खोल एक खड्डा घ्यावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी साचलेले असेल तर मुळे गुदमरत आहेत हे निश्चित समजावे आणि उताराकडे चर काढून पाण्याला वाट करून द्यावी.

क्षारांची शंका असेल तर वरचा आणि खालचा असे मातीचे दोन नमुने कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावेत, कारण हा खर्च नव्या झाडाच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असतो. अहवाल खराब आला तर त्या जागी झाड जगवण्याच्या हट्टापेक्षा तीन फूट उंच वाफा बांधून नवे कलम लावणे शहाणपणाचे ठरते.

शेवटचा उपाय : उभ्या झाडावर नवे कलम

खुंटानेच झाड बळकावले असेल, किंवा जात त्या जागेला न मानवणारी असेल, तर झाड उपटण्याची गरज नसते. त्याची मुळे दहा वर्षे जुनी आणि मजबूत असतात, त्यांवर हव्या त्या जातीची काडी बसवता येते. परवानगी घेऊन फेब्रुवारीत दोन-तीन फांद्या छातीच्या उंचीवर कापाव्यात आणि किमान एक फांदी पोषणासाठी तशीच ठेवावी. जुलैपर्यंत कापलेल्या टोकांखाली फुटवे येतात. त्यांतले चांगले, बाहेरच्या बाजूचे, पेन्सिलीएवढे जाड फुटवे ठेवून बाकीचे काढावेत आणि हवेत भरपूर दमटपणा असताना, पावसाच्या उघडिपीत, त्यांवर पाचर पद्धतीने मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या लाकडावरचे कलम, बांधावे.

काडी नियमित फळणाऱ्या झाडाची, तीन-चार महिने वयाची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न उमललेला अशी निवडावी. तोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापावीत, म्हणजे डोळे जागे होतात. १० ते १५ सेंटिमीटर काडीला खाली तीन-चार सेंटिमीटर लांबीची पाचर करावी, फुटव्याला तेवढीच उभी खाच द्यावी आणि दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर किमान एका बाजूने तंतोतंत जुळवावा. काप कोरडा पडण्याआधी, म्हणजे मिनिटाभरात, हे झाले पाहिजे. मग दोन सेंटिमीटर रुंद प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर पातळ, पारदर्शक पिशवीची टोपी घालावी. दोन-तीन आठवड्यांत डोळा हिरवा होतो, तेव्हा टोपी काढावी, आणि दोन-तीन महिन्यांनी पट्टी सोडावी. पाच बांधली आणि तीन लागली तर नवख्या हाताने समाधान मानावे.

जात निवडताना मी शहरातल्या लहान जागेसाठी हापूसचा आग्रह सोडायला सांगतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये दिलेली रत्ना आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून दिलेली सिंधू या दोन्ही जाती हापूसपेक्षा नियमित फळतात. दशहरी आणि नीलम यांच्या संकराची आम्रपाली तर इतकी ठेंगणी आहे की ती २.५ × २.५ मीटरवर, हेक्टरी १६०० झाडे याप्रमाणे लावतात. गच्चीवरच्या २०० लिटरच्या पिंपासाठी मी तीच देतो, मात्र ती उशिरा पिकते आणि ठाण्याच्या पावसात फळमाशी व करपा तिला गाठतात, म्हणून तयार फळे पहिल्या सरींआधी उतरवून अढीत पिकवावी लागतात.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

जमिनीवर उभे राहून हात पोहोचत नाही अशी मनगटाहून जाड फांदी स्वतः कापू नये. विजेच्या तारेजवळची कोणतीही फांदी, कितीही बारीक असली तरी, वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याखेरीज कापू नये. परवानगी मिळाल्यावर विमा आणि दोर असलेला प्रशिक्षित फांदीतोड्या बोलवावा. जोडापाशी बुंधा हलतो आहे, उभी चीर गेली आहे किंवा झाड एका बाजूला कलते आहे असे दिसले तर त्याखाली मुलांना खेळू देऊ नये आणि त्याच दिवशी उद्यान विभागाला कळवावे.

बुंध्यातून लाकडाचा ताजा भुसा पडत असेल तर ते भिरूड, म्हणजे खोडकिड्याची अळी आहे. एखादे छिद्र असेल तर त्यात तार घालून अळी मारता येते. दोनहून अधिक छिद्रे असतील किंवा फांदी वरून वाळत असेल तर कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा, कारण आतले लाकूड किती पोखरले आहे हे बाहेरून कळत नाही.

पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक औषध कोकणातील बागांमध्ये हापूसला नियमित फळवण्यासाठी १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान मुळांशी दिले जाते, आणि शेजाऱ्याने सुचवले म्हणून ते मागणारे लोक मला दरवर्षी भेटतात. ते घरच्या झाडाला स्वतःहून देऊ नये. त्याची मात्रा झाडाच्या घेराच्या व्यासावरून मोजायची असते, ते जमिनीत दीर्घकाळ टिकते, आणि जास्त झाले तर पालवी गुच्छासारखी आखडून झाड काही वर्षे वाढतच नाही. लहान झाडाला, पिंपातल्या झाडाला आणि सावलीतल्या झाडाला ते मुळीच देऊ नये. वरील सहाही तपासण्या निर्दोष निघाल्या, झाड दहा वर्षांवरचे आणि निरोगी आहे, तरीही मोहोर नाही, अशाच वेळी कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या तज्ज्ञाला झाड प्रत्यक्ष दाखवून हा निर्णय घ्यावा. त्यांच्याकडे जाताना जोडाचे जवळून काढलेले छायाचित्र, डिसेंबरातल्या उन्हाची नोंद, गेल्या दोन वर्षांतील छाटणीचे महिने आणि मातीचा अहवाल सोबत न्यावा. पहिल्या भेटीत ते याच चार गोष्टी विचारतात.